नातेवाईक असलेलेच पेशंट

क्वेरीच्या पोटात क्वेरी, तिच्या पोटात आणखी एक क्वेरी लिहिण्यात धम्मदीनाचा हात धरणारं तुकोगंजच्या त्या ऑफिसात कुणी नव्हतं. हे तिलाही माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच माहीत होतं.

कंपनी लहानशी. एका धर्मादाय डायलिसिस सेंटरचं सॉफ्टवेअर त्यांच्याकडे होतं. ज्या पेशंटांना स्वतः येणं झेपत नाही त्यांना आणायला सेंटरची गाडी जायची, आणि आज कुणाकुणाच्या दारात जायचं ते हे सॉफ्टवेअर सकाळी ड्रायव्हरच्या मोबाइलवर पाठवायचं. होळीच्या सुमारास सेंटरने नवीनच काढलं: गाडी निघाली की पेशंटच्या घरच्यांनाही मेसेज गेला पाहिजे. टीम लीड नचिकेतने काम दीनाकडे सरकवलं. "तेरे लिए तो पाच मिनिटांचं काम आहे, यार."

होतंच पाच मिनिटांचं. क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. पण हल्ली डेटाबेसशी थेट कोण बोलतो? मध्ये एक लायब्ररी असते, दुभाष्यासारखी. आपण आपल्या भाषेत सांगायचं, ती त्याच्या भाषेत सांगते. दीनाने सांगितलं: आजचे पेशंट दे, प्रत्येकाच्या आत त्याचे नातेवाईक दे, आणि ज्यांचा मोबाइल नंबर तपासलेला आहे तेवढेच नातेवाईक दे. आता अट होती नातेवाईकांवर. पण दुभाष्याने ती पेशंटवरही लावली. ज्याला असा नातेवाईक आहे तोच पेशंट! ज्याचं कुणी नाही, तो माणूस यादीतून गुपचूप खाली उतरला. एरर नाही, लाल अक्षर नाही, काही म्हणजे काही नाही.

बरं, पोरीने तपासलं नव्हतं असंही नाही हं. टेस्टला तिने घरचीच माणसं भरली. आईला पेशंट केलं, तिचे नातेवाईक बाबा. किसनकाकांना पेशंट केलं, तर त्यांना काकू आणि दोन्ही मुलं. सगळे बरोब्बर आले. परदेशीपुऱ्याच्या गल्लीत, जिथे एकाला ताप आला की चार घरांत पेज शिजते, तिथे वाढलेल्या पोरीला कुणीच नसलेला एखादा माणूस टेस्टला घ्यावा हे सुचलंच नाही. आणि असं माणूस राहत कुठे होतं, तर तिच्याच भिंतीपलीकडे.

कौसल्यामावशी बालवाडीच्या बाई म्हणून रिटायर झालेल्या. लग्न केलं नाही. वडील महूच्या छावणीत फौजी होते, त्यामुळे पाठ कायम ताठ. दीनाला पहिली अक्षरं त्यांनीच गिरवायला लावली. सख्खी मावशी नव्हे, पण सख्खीनेही तिचे इतके कान पिळले नसते. किडन्या गेल्यावर सेंटरला नाव घालताना नातेवाईकाची जागा त्यांनी रिकामी सोडली होती. उगाच कुणाच्या मागे कटकट कशाला, हा त्यांचा खाक्या.

नवा कोड रंगपंचमीच्या आदल्या दिवशी सिस्टमवर चढला. रंगपंचमीला मावशींची डायलिसिसची पाळी होती. गाडी आली नाही. शहरभर गेर, म्हणजे रंग उधळत जाणाऱ्या मिरवणुका, रस्ते बंद. मावशींनी तसंच समजून घेतलं. पुढच्या पाळीला त्या सकाळपासून ओट्यावर पिशवी घेऊन बसल्या. दीना स्कूटी काढत होती. मावशींचा चेहरा सुजलेला दिसला, पण ऑफिसला उशीर होत होता.

"जय भीम, मावशी! अजून इथेच?"

"जय भीम गं. गाडी नाही आली. परवा गेर होती, ठीक. पण आज काय झालं? सेंटरला फोन लावू का?"

"अहो, फोन कशाला? लिस्ट आमच्याच सिस्टमवरून जाते. मी बनवलीय, एकदम पक्की! ट्रॅफिकमध्ये फसली असेल, येईलच."

"तू म्हणतेस तर बसते," मावशी म्हणाल्या.

आणि त्या बसल्या. इतकी शिकलेली पोरगी, आपल्या हाताखाली अक्षरं गिरवलेली, तीच सांगतेय म्हटल्यावर कोण फोन लावतं? दुपारी त्यांना धाप लागली. दीनाच्या आईने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दिवेलागणीला मावशी गेल्या.

त्रिशरण-पंचशील झालं, मंडळी पांगली, आणि दुसऱ्या दिवशी दीना ऑफिसात जाऊन थेट मशीनपुढे बसली. मावशींचं नाव टाकून क्वेरी चालवली. नाव आलं नाही. आतली अट काढली. नाव आलं.

नचिकेतने खुर्ची जवळ ओढली. "दीना, मनाला लावून घेऊ नकोस. लायब्ररीचं डिफॉल्टच तसं आहे. रिव्ह्यू तर मीच केला होता ना?"

"बाकीची एकटी माणसंही गळली होती, नचिकेत. सेंटरला विचारलं मी. त्यांनी सेंटरला फोन केले, भांडले, गाडी मागवली. सगळे जिवंत आहेत. मावशी फोन लावत होत्या रे. मी लावू दिला नाही."

दीनाने एक ओळ घातली: नातेवाईक नसला तरी पेशंट दे. चूक माझी आहे, असं सेंटरला स्वतःच्या नावाने कळवलं, आणि घरी गेली.

सकाळी गल्लीत हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग लांबलचक. दीना बाहेर धावली. सेंटरची गाडी मावशींच्या कुलूप लावलेल्या दारापुढे उभी होती.

"मैडम को बुला दो, दीदी," ड्रायव्हर म्हणाला. "इतने दिन लिस्ट में नाम नहीं था, मैं समझा ठीक हो गईं. आज आ गया."

"वो नहीं रहीं, भिया."

ड्रायव्हरने गाडी बंद केली. मग संकोचत म्हणाला, "नाम घरवाले ही कटवा सकते हैं. नहीं तो गाड़ी आती रहेगी. इनका कोई है?"

दीनाने हात पुढे केला. त्याने मोबाइल दिला. स्क्रीन तिच्याच ऑफिसात बनलेली. नातेवाईकाचं नाव: तिने स्वतःचं लिहिलं. नातं: भाची. नंबर टाकला, कोड आला, तो भरला. नंबर तपासला गेला. आता कुठलीही क्वेरी कशीही लिहा, मावशी यादीत आल्याच असत्या.

पेशंटचं नाव काढायचं का, असं स्क्रीनने विचारलं. दीनाचं बोट काही केल्या खाली जाईना. "दबा दो, बेटा," ड्रायव्हर हळूच म्हणाला, "आगे और लोग बैठे हैं राह देखते."

तिने दाबलं. गाडी वळून निघून गेली, आणि भर सकाळी, सगळ्या गल्लीदेखत, धम्मदीना ओक्साबोक्शी रडली.