हंड्यावरचं नाव

आमच्या धंद्यात नाव लपवणं ही पहिली शिकवण. चेहरा चौकटीबाहेर ठेवायचा, बातमीत 'नाव बदलले आहे' असं छापायचं आणि आपण फार जबाबदार आहोत असं समजून निवांत झोपायचं. अंबरनाथचा वार्ताहर म्हणून मी बावीस वर्षं असाच झोपत आलो.

मोरिवलीच्या बकुळावहिनींनी त्या दिवशी विहिरीतून हंडा भरून काढला, तेव्हा पाणी हळद कालवल्यासारखं पिवळं होतं. मागच्या कारखान्याचा पाइप रोज पहाटे ओढ्यात सुटायचा, ते सगळं विहिरीत मुरत होतं. वहिनींचा नवरा रघु त्याच कारखान्यात अकरा वर्षं कंत्राटी कामाला होता.

"फोटो काढ दादा, पन आमचा नाव नको हां. ह्यांचा काम जाल."

"वहिनी, माझ्यावर सोडा," मी म्हणालो.

फोटोत त्यांचे हात, पाण्याची धार आणि पितळी हंडा, एवढंच घेतलं. आतल्या पानावर दोन कॉलमांत काळापांढरा छापून आला, त्यात पिवळं पाणीसुद्धा राखाडी दिसलं. कारखान्याने दोन दिवस पाइप बंद ठेवला आणि तिसऱ्या दिवशी सोडला. कोणाचं काही वाकडं झालं नाही, कारखान्याचं तर नाहीच.

आठ महिन्यांनी त्याच बातमीला पत्रकार संघाचा पुरस्कार मिळाला. लष्करच्या भाकऱ्या भाजतो म्हणून मला आयुष्यभर टोमणे मारणाऱ्या माझ्या बायकोने, हर्षदाने, स्वतः पेढे आणले. स्टेजमागे तो फोटो लावायचा ठरलं. मूळ रंगीत फाइल घेऊन मी उल्हासनगर कॅम्प दोनला मधु फ्लेक्सवाल्याकडे गेलो. दहा फुटी फ्लेक्स उलगडत तो म्हणाला, "साईं, क्या साफ आया है! बर्तन पे नाम भी पढ़ लो."

हंड्याच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांत कोरलेलं होतं, लग्नातल्या भांड्यांवर कोरतात तसं: 'चि. सौ. कां. बकुळा हिस आईकडून'. मी ते वाचलं. खोटं कशाला बोलू, नीट वाचलं, आणि मनात आलं ते एवढंच की कॅमेरा चांगला निघाला आपला.

शाल मिळाली, नारळ मिळाला. फ्लेक्ससमोर उभा राहून काढलेला फोटो मी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकला. कारखान्याच्या सुपरवायझरचा नंबर मी बातमीच्या वेळी मोबाइलमध्ये ठेवला होता, त्यानेही माझा ठेवला असणार. 'अभिनंदन सर' असा त्याचा मेसेज आला आणि मी त्याला हात जोडलेला इमोजी पाठवला.

सोमवारी रघुला गेटवरच सांगितलं, आजपासून येऊ नको. का, म्हणून विचारलं तर सुपरवायझरने माझ्या स्टेटसमधला हंडा मोठा करून मोबाइल पुढे धरला. मोरिवलीत बकुळा एकच होती.

मी संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "कैलास, ती बातमी झाली की आपली. पुरस्कारही मिळाला. तेच तेच किती छापायचं?"

संध्याकाळी मोरिवलीला गेलो. रघु बदलापूरच्या नाक्यावर मजुरी बघायला गेला होता आणि अजून परतला नव्हता. वहिनी ओट्यावर बसून कानशीने हंडा घासत होत्या. मला बघूनही त्या घासत राहिल्या. मला तिथे उभं राहायचीही लाज वाटत होती.

"आय जाऊन तीन वर्सा झाली," त्या कानस खाली ठेवत म्हणाल्या. "तिचा एवढाच होता माझ्याकडं."

अक्षरांच्या जागी पितळेचा ओबडधोबड, चकचकीत पट्टा उरला होता. त्या उठल्या, विहिरीवर गेल्या, हंडा भरून घेऊन आल्या आणि माझ्या पुढ्यात ठेवला. पाणी तेवढंच पिवळं होतं.

"आता काढ फोटो," वहिनी म्हणाल्या. "आता नाव नाय त्याच्यावर."