भाऊजींच्या दवाखान्यातली लाळ

आई गेली ती दाढेच्या दुखण्याने. सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही.

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, दातांचे डॉक्टर. आईची किडलेली दाढ काढायलाच हवी होती, पण घरच्या माणसासाठी त्यांना वेळ कुठला! "पाच दिवस गोळ्या घ्या, आराम पडेल," एवढंच सांगायचे. आराम पडायचा. महिन्याभराने पुन्हा ठणका, पुन्हा त्याच गोळ्या. तीन वर्षं हेच चाललं. मग पू गळ्यात उतरला. इस्पितळात एकामागून एक औषधं दिली, एकही लागू पडलं नाही. सातव्या दिवशी आई गेली.

भेटायला येणाऱ्यांना भाऊजी सांगत होते, "वय झालं होतं हो. त्यात गोळ्या अर्धवट सोडायची सवय."

मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि मनात म्हटलं, तुम्हाला सोडणार नाही.

मी प्रयोगशाळेत काम करते. तोंडातल्या जिवाणूंमध्ये औषधाला दाद न देण्याची ताकद देणारी जनुकं असतात आणि ती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. निरोगी माणसातही थोडीफार सापडतात, पण जिवाणू मारणाऱ्या गोळ्या ऊठसूट घेतल्या की वाढत जातात. आमच्या मॅडमना चार दवाखान्यांतल्या रुग्णांची लाळ तपासायची होती. चौथं नाव मी सुचवलं, भाऊजींचं. नातंही सांगून टाकलं.

"मग त्या नमुन्यांना तू हात लावायचा नाहीस," मॅडम म्हणाल्या.

"नाही लावणार."

भाऊजी तर हरखलेच. "शेवटी मेहुणीला आमची किंमत कळली!" म्हणत त्यांनी परवानगीच्या कागदावर झोकात सही केली. शाई वाळेपर्यंत मी कागद धरून उभी होते.

भाऊजींकडचे पन्नास रुग्ण नळीत थुंकले, औषधांच्या जुन्या चिठ्ठ्याही देऊन गेले. बाकी तीन दवाखान्यांत दहापैकी तिघांच्या लाळेत ती जनुकं भरपूर निघाली, भाऊजींकडे दहापैकी आठांच्या. चिठ्ठ्यांवर नुसते दात साफ केल्यावरही गोळ्या लिहिलेल्या! मॅडमनी रुग्णांना निकाल कळवले. रुग्ण खवळले. त्यांच्या तक्रारीचा मसुदा मी लिहून दिला, एकेक शब्द तोलून. चौकशी होऊन भाऊजींचा परवाना वर्षभरासाठी गेला.

दुसऱ्याच दिवशी ताई प्रयोगशाळेत आली.

"माझा संसार दिसला नाही तुला?"

"दिसला."

"तरीही?"

"तरीही."

आता ती थोबाडीत देणार असं वाटलं. पण ती स्टुलावर बसली.

"आमच्याकडे मुलींचा घसा धरला तरी त्याच गोळ्या असतात," ती म्हणाली. "तपास आमची लाळ."

ताई आणि दोन्ही मुली, तिघींचीही लाळ तशीच निघाली. ताईने तो कागद भाऊजींच्या ताटाशेजारी ठेवला आणि आईला किती गोळ्या दिल्या, ते मुलींसमोर विचारलं. ते भरल्या ताटावरून उठले, असं तिने मला फोनवर सांगितलं.

"बरं वाटलं का गं तुला?" तिने विचारलं.

"वाटलं," मी म्हटलं. "तुला?"

"मलाही."