तीन हजार आठशे तेहतीस

माणूस चार वर्षं राबतो आणि कंपनी त्याला पगाराशिवाय काही शेअर देते. शेअर मिळतात शेवटी, पण राबणं रोजचं असतं. म्हणून त्या शेअरांचा खर्च कंपनीच्या पुस्तकात दर महिन्याला थोडाथोडा चढवायचा, असा नियम आहे. हे चढवायचं काम माझं. आमच्याकडच्या एकशे बारा माणसांचे शेअर मी एका तक्त्यात सांभाळते, आणि त्यात कधी कुणाला चूक सापडली नव्हती. याचा मला माज होता. इतरांच्या चुका काढताना मी नाकाने कांदे सोलायची, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या एकशे बारांतले एक माझे भाऊजी, ताईचे यजमान. आईबाबा गेले तेव्हा मी शाळेत होते आणि ताईच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नव्या संसारात बायकोची धाकटी बहीण म्हणजे काही चार दिवसांची पाहुणी नव्हे, कायमचं बिऱ्हाड. भाऊजींनी कधी तोंड वाकडं केलं नाही. मला ‘आकडेबाई’ म्हणायचे, माझी फी भरायचे, आणि पुढे या कंपनीत माझा अर्जही त्यांनीच स्वतः नेऊन दिला.

आमची कंपनी वजनकाटे बनवते. औषधाच्या दुकानातल्या नाजूक काट्यापासून ट्रक तोलणाऱ्या काट्यापर्यंत सगळे. भाऊजी नाजूक काटे तपासायचे. त्यांची काचेची खोली होती, तिच्यात पंखा नाही, कारण वाऱ्याने काटा हलतो. हातमोजे घालून पोलादाचं प्रमाण वजन चिमट्याने उचलायचं, ताटलीत ठेवायचं, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि मग लिहायचं. तो लिहिताना श्वासही जपून घ्यायचा. दिवसाला चाळीस काटे. सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं, आणि त्यांच्या सहीचा काटा कधी परत आला नाही.

गेल्या वर्षी त्यांचं हृदय दमलं. डॉक्टर म्हणाले, निम्म्याच जोराने चालतंय. पाय सुजायचे, जिना चढताना तीनदा थांबायला लागायचं. ताई म्हणायची सोडा नोकरी, ते म्हणायचे शेअर मिळू देत. त्या शेअरांवर ताईची सगळी भिस्त होती. ज्या भाड्याच्या घरात ती एकवीस वर्षं राहत होती ते मालक विकायला काढणार होता, आणि चार हजार शेअर म्हणजे बरोबर त्या घराची किंमत. भाऊजींच्या मागे तिला दुसरं काहीच नव्हतं.

एकवीस तारखेला दुपारी त्यांचा फोन आला. मी पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात मानेपर्यंत बुडालेली.

“आकडेबाई, मी आज राजीनामा दिला तर माझे किती होतात गं?”

“बघून कळवते,” म्हटलं. तक्ता उघडला, त्यांच्या ओळीवर गेले. अठ्ठेचाळीस महिन्यांपैकी शेहेचाळीस झालेले. ‘आजवर चढवलेले’ या रकान्यातला आकडा उचलला आणि मेसेज पाठवला: ३,८३३. खाली लिहिलं, उरलेले १६७ बुडतील. या कामाला मला एक मिनिटही लागलं नाही.

संध्याकाळी ताईचा फोन. आवाजात हसू. “दिला बाई एकदाचा राजीनामा. म्हणाले, एकशे सदुसष्टासाठी कोण जीव काढतंय. दीड महिन्याची नोटीस आहे, पण रजा साठलीये, म्हणजे आता घरीच.”

तो महिना ताईच्या घरात सुखाचा गेला. मी रविवारी गेले तर भाऊजी खिडकीशी बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत होते, आणि ती मुद्दाम चुकीचे प्रश्न विचारून त्यांना चिडवत होती. पायांची सूज उतरली होती. ताई म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच हे सलग महिनाभर घरी आहेत, आता कळलं माणूस बोलका आहे.

त्या त्या महिन्यात सोडून जाणाऱ्यांची यादी एचआरकडून माझ्याकडे दर महिन्याच्या तीन तारखेला येते. भाऊजींचं नाव होतं. शेवटचा दिवस पाच तारीख. मी त्यांच्या ओळीवर गेले. तिथे कारण निवडायचं असतं: राजीनामा, बडतर्फी, निवृत्ती, मृत्यू. मी ‘राजीनामा’ निवडलं आणि समोरचा आकडा शून्य झाला.

आधी वाटलं, सूत्र बिघडलं. मग भाऊजींच्या ओळीच्या अगदी टोकाला असलेलं योजनेचं नाव वाचलं आणि पायाखालची वाळू सरकली. नव्या लोकांना शेअर दर तिमाहीला थोडेथोडे मिळतात. पण जुन्या नऊ जणांची योजना वेगळी आहे. तिच्यात खर्च महिन्यामहिन्याने चढतो, हक्क मात्र चार वर्षं पुरी झाल्याच्या दिवशी एकदम. एक दिवस आधी सोडलं तरी हाती भोपळा. वर चढवलेला सगळा खर्च कंपनी उलटा फिरवते, नफा तेवढा वाढतो, आणि पुस्तकाच्या हिशेबाने तो माणूस एवढी वर्षं फुकट राबलेला असतो.

भाऊजींची चार वर्षं सोळा तारखेला पुरी होत होती. शेवटचा दिवस पाच. अकरा दिवस कमी.

हा नियम मला माहीत नव्हता असं नाही. नव्या मुलांना तो मीच शिकवते. त्या दिवशी घाईत कंपनीचा आकडा माणसाचा म्हणून पाठवून दिला, उचलली बोटं आणि लावली फोनला.

एचआरच्या बाई माझ्याच वयाच्या, बोलायला मोकळ्या. त्या म्हणाल्या, “राजीनामा मागे घेता येईल, उद्यापर्यंत अर्ज दे. मात्र त्यांची रजा संपलीये.”

“मग?”

“मग काय, बिनपगारी रजा घ्या म्हणावं. तीन महिन्यांपर्यंत मिळते. तेवढ्या दिवसांनी शेअरची तारीख पुढे जाते, बुडत काही नाही. दगदग नको त्यांना.”

हे नीट वाचा, कारण मी ते नीट ऐकलं होतं. रजा घेतली तर काही बुडत नव्हतं. नोकरीत असताना बरंवाईट झालं तर तेव्हाही सगळे शेअर ताईला मिळणार होते, ते योजनेच्या पुस्तिकेत आहे.

पण रजेने तारीख महिनाभर जरी पुढे गेली तरी ती या तिमाहीतून बाहेर जात होती. तिमाहीबाहेर गेली की मला तक्ता बदलावा लागणार, आमच्या साहेबांना टिपण द्यावं लागणार, आणि साहेब विचारणार, अकरा दिवसांसाठी या माणसाने राजीनामा दिलाच कसा? मग तो मेसेज निघणार. माझ्या बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. तेच भाऊजी सोळापर्यंत कामावर आले असते तर तक्त्यातला एकही आकडा हलला नसता. राजीनामे मागे घेणारे वर्षाला दहाबारा असतात, कुणी विचारत नाही. झाकली मूठ तशीच झाकलेली राहिली असती.

मी ताईकडे गेले आणि म्हणाले, “योजनेत एक बारीक कलम आहे. सोळापर्यंत हजेरी लागते. नाहीतर सगळे जातात.”

ताईचा चेहरा उतरला. “तूच तर म्हणाली होतीस, तीन हजार आठशे...”

“कलम बारीक अक्षरात आहे, ताई.”

भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. काट्याचा आकडा स्थिर व्हायची वाट बघताना बघायचे ना, तसे. मग म्हणाले, “ठीक आहे. अकरा दिवस. शनिवार-रविवार सोडले तर नऊ वेळा जायचंय. सव्वीस वर्षं गेलो, त्यात नऊ दिवस ते काय!” आणि मी पुढे केलेल्या अर्जावर सही केली.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी सूज परत आली. चौथ्या दिवशी ताईने त्यांच्यासाठी दोन नंबर मोठे बूट आणले आणि मला फोन करून म्हणाली, “विदूषकासारखे दिसतात, पण जातात.” हसली, आणि लगेच फोन ठेवला.

सहाव्या दिवशी दुपारी मी काचेच्या खोलीशी गेले. आत ते वजन ताटलीत ठेवत होते. त्यांना धाप लागलेली. त्या धापेच्या वाऱ्याने आकडा स्थिर होईना, म्हणून ते श्वास रोखून धरायचे. आकडा थांबला की लिहायचे, मग टेबलाला धरून दोन मिनिटं नुसते श्वास घेत उभे राहायचे. पुन्हा पुढचा काटा. शेजारच्या टेबलावरचा सोबती म्हणाला, “मी करतो ना त्यांचे, पण ऐकत नाहीत. म्हणतात, सही माझी तर वजनही मीच करणार.”

त्यांनी मला पाहिलं आणि बाहेर आले. स्टुलावर बसले, हातमोजे काढले, एकेक बोट सोडवत.

“आकडेबाई, एक विचारू?”

“विचारा की.”

“घरी राहून चाललं असतं का गं? रजा वगैरे घेऊन?”

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, कुणी बोललं असेल काय? पण त्यांचा आवाज साधा होता, डोळ्यांत संशय नव्हता. तीन दिवस राहिले होते. फक्त तीन.

“नाही, भाऊजी,” मी म्हणाले. “नसतं चाललं.”

“बरं,” म्हणाले. हातमोजे परत चढवले आणि आत गेले.

चौदा तारखेला सकाळी ते दाराशी बूट घालायला बसले. ताई आत डबा भरत होती. डबा घेऊन ती बाहेर आली तेव्हा एक बूट पायात होता आणि दुसरा हातात. भाऊजी भिंतीला टेकून बसले होते, आणि ताईला आधी वाटलं, दम घेताहेत.

मी रडले, ते खरं रडणं होतं. कुणाला खोटं वाटू नये म्हणून सांगते. पण त्याच आठवड्यात मला तक्ता उघडावा लागला, कारण ते माझं काम आहे. त्यांच्या ओळीवर गेले, कारण निवडलं, चौथं. उरलेला सगळा खर्च एका दिवसात चढला आणि ओळीत चार हजार उमटले, पूर्ण. तिमाही जुळली. ऑडिटरने त्या ओळीवर हिरवी खूण केली. साहेबांनी मला खोलीत बोलावून सांत्वन केलं आणि बढतीचं पत्र दिलं. माझी चूक कुणाच्याच लक्षात आली नाही.

तीन आठवड्यांनी वारसाचे कागद घेऊन ताईकडे गेले. जिथे सही हवी तिथे मी पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या. ती टेबलाशी बसली, चष्मा लावला, पण पेन उचललं नाही. उठली, आतून योजनेची ती पुस्तिका घेऊन आली. कडा वाकलेल्या, मध्ये एका पानाला दुमड.

“ही ह्यांनी कुठून तरी मिळवली होती. तू अर्ज घेऊन आलीस ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मला वाचून दाखवली, वर्तमानपत्र वाचायचे तशीच. रजेचं कलमही वाचलं.”

मी टेबलावरचे कागद उगाच सरळ केले.

“मी म्हटलं, मग घ्या की रजा! भांडले मी त्यांच्याशी. तर म्हणाले, तिच्या हातून चूक झालीये, आणि ती घाबरलीये. तिमाहीत निस्तरली तर तिचं नुकसान होणार नाही. लेकीसारखी वाढवली, नऊ दिवसांनी मी काय मरतोय?” ताईने चष्मा काढून पुसला. “मी ऐकेना. शेवटी ठरलं आमचं. म्हटलं, तिलाच सरळ विचारा. खरं सांगितलं तर त्याच क्षणी घरी या, मी तिला एक शब्द बोलणार नाही.”

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

“विचारलं होतं ना त्यांनी तुला?”

“हो.”

“त्या दिवशी आले ते काहीच बोलले नाहीत. मी खूप खोदलं. म्हणाले, विचारायचं राहून गेलं, उद्या विचारतो. दुसऱ्या दिवशी सकाळी निघतानाही तेच.” तिने माझ्याकडे पाहिलं. “तुझ्या नावाला बट्टा लागू दिला नाही त्यांनी. आता तू सांग. काय म्हणालीस?”

आयुष्यभर मी लोकांना आकडे समजावून सांगितले. तिला सांगायला मला एकच शब्द लागला.

ताईने दुमडलेल्या पानावर पुस्तिका मिटली. मग तिने कागद पुढे ओढले आणि विचारलं, “सही कुठे करायची?” मी फुल्या दाखवत गेले. तिने प्रत्येक फुलीवर सही केली, पेनाला टोपण लावलं, आणि उठून दार उघडून उभी राहिली. दाराशी ते मोठे बूट अजून तिथेच होते, आणि मला माझ्या चपला त्यांच्या शेजारून उचलाव्या लागल्या.