पाकिटाची मागची बाजू

मला खाण्याची हौस, आणि माझी सून कुठलंही पाकीट फोडण्याआधी त्याची मागची बाजू वाचणारी. घरात वाजायला एवढं पुरे.

बागेत गोचीड चावली आणि माझ्या अंगानं भलतंच खूळ घेतलं. गाय असो, म्हैस असो, डुक्कर असो, सस्तन प्राण्याचं मांस, चरबी, दूध सगळंच आता मला वर्ज्य. पहिल्यांदा दुपारी जेलीच्या गोळ्या खाल्ल्या आणि रात्रीच्या जेवणावरून उठताना घसा सुजून श्वास अडला. मुलगा रडायलाच लागला. सगळ्यांनी जेवणाला दोष दिला. सुनेनं मात्र दुपारी काय खाल्लं ते विचारलं, कचऱ्याच्या डब्यातून गोळ्यांचं वेष्टन शोधून आणलं आणि डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यात जिलेटिन होतं, म्हणजे जनावरांच्या कातड्याहाडांचा अर्क. ही अ‍ॅलर्जी तासन्‌तास दबा धरून बसते, हे तेव्हा कळलं. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं म्हणतात. माझं दूधही गेलं आणि ताकही. पण जीव राहिला तो या पोरीमुळे, आणि तिचं मला फार कौतुक आहे. तोंडावर सांगत नाही एवढंच.

परवा लेक माझ्या आवडीचे तिखट वेफर्स घेऊन आली. दुकानात नीट वाचून आणले होते बिचारीनं. सुनेनंही वाचले आणि ‘चवीसाठीचे पदार्थ’ यावर तिचं बोट थांबलं. कसले, ते लिहिलं नव्हतं. पाकिटावरच्या नंबरवर तिनं फोन लावला. एकानं दुसऱ्याकडे टोलवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, शेवटी उद्या कळवतो म्हणाले. पाकीट कपाटात गेलं. लेकीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आईला उपाशी ठेवणार का, असं तिनं विचारलं. मीही भडकले. माझ्याच घरात मला चार वेफर्सची चोरी?

सुनेनं आवाज चढवला नाही. "ताई, त्यात काय आहे ते मला माहीत नाही. माहीत नाही, तोवर नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. लसूण, मिरची, आंबट पूड. प्राण्यांचं काहीच नाही. तळायचं तेल कसलं, त्याच यंत्रावर दुधाचं काही बनतं का, हेही तिनं खोदून खोदून विचारलं. मी काय सांगत होते, असं लेक म्हणाली. सुनेनं हसून कबूल केलं आणि मला ताटली भरून दिली. मी ताव मारला.

लेक दुपारी घरी गेली. सून कामावर जाईल असं मला वाटलं, तर ती कपड्यांचा ढीग घेऊन माझ्या खोलीत बसली. घड्या झाल्या, तुटलेली बटणं लावून झाली, तरी हलेना. अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती बाईनं. श्वास अडलाच तर लगेच टोचायला डॉक्टरांनी दिलेलं माझं इंजेक्शन तिच्या मांडीशी होतं, ओढणीखाली झाकलेलं.

"अगं, खात्री करून घेतलीस ना? मला काही होत नाही. जा तू."

"मलाही तसंच वाटतंय, आई," ती म्हणाली. "तरी बसते."

मी पाय आवरून तिला पलंगावर जागा करून दिली.