माही मान नाल्याकडं कशी वळली

मी भोंगा बोलून राहिलो. कान झाकू नका बाप्पा, आज हळूच बोलतो.

समज आली तवा मी अकोल्यात एका मंडपवाल्याकडं होतो. लग्नालग्नात "मंडळी, जेवून घ्या" ओरडून माहा घसा बसला, अन् त्यानं मले विकून टाकलं. दर्यापूरजवळच्या या गावात मशिदीवर चढलो. इथं सत्तारचाचा बांग देतात. मी कितीही खरखरलो तरी त्यांचा सूर असा गोड, का मलेच लाज वाटे. असरची, म्हणजे दिवस कलतानाची बांग तं ते अशी लांबवत, का वावरातल्या बाया कंबर सरळ करून ऐकत.

ऐकत अन् घरी निघत! रिवाजच तसा. असर झाली का मजुरी सुटली. घड्याळ इथं कोणी पाह्यत नाही.

पण हिवाळ्यात दिवस लहान, बांगही लवकर. खुशालराव पाटलाच्या हरभऱ्याचं निंदण अर्धंच राहे. एक दिवस तो शेंदूरजन्याची संत्री घेऊन चाचांकडं आला.

"चाचा, निंदण होयेपर्यंत बांग जराशी मागं घ्या ना."

"खुशालराव, सूरज क्या मेरा सालदार है?"

संत्री मात्र चाचांनी ठेवून घेतली.

पाटील लेकाचा वस्ताद! दुसऱ्या दिवशी त्यानं बायाइले नाल्यापलीकडच्या वावरात नेलं. तिथं माहा आवाज पोचत नाही. अन् नेमका तो नळाचा दिवस. आमच्याकडं नळ हप्त्यातून एकदाच येते, असरनंतर, तेही घडीभर. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, पण ऐकते कोण!

अंधार पडता पडता मजूर बायाइची म्होरकी गोदाबाई पाण्याची रिकामी गुंड कमरेवर घेऊन मशिदीसमोर उभी.

"चाचा, आज बांग काहून नाही दिली? पाटील म्हणे, व्हायची हाये, व्हायची हाये. नळ गेला ना! लेकराइले आता हप्ताभर काय पाजू?"

"दी ना, बेटी," चाचा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला का मले रडू आलं. त्यांनी मशिदीची बोअर चालू केली. "भर लो सब."

बाया पाणी भरून राहिल्या तं मागून खुशालराव आला, हाती दोन बादल्या. त्याची बायको माहेरी गेली होती, अन् हा बायाइले थापा देत स्वतःच वावरात बसला होता. घरी नळ भरणार कोण?

"या पाटील!" गोदाबाई म्हणाली. "मागं लागा लाइनीत."

बाया अशा हासल्या का विचारू नका. पाटलानं खाली मान घालून बादल्या भरल्या. सकाळी तो शिडी घेऊन हजर. स्वतःच वर चढला, थरथर कापत. "अबे, पकडा मले!" अन् माही मान त्यानं गच्चकन नाल्याकडं वळवली.

तवापासून मी असा तिरपा. मान लय दुखते. पण मले कोणी सरळ करू नका, बाप्पा. आता नळाच्या दिवशी चाचांनी सूर धरला का सगळ्याइच्या पुढं धोतर सावरत पाटीलच पळते.