बूच खिशात, बाटली सिंकवर

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. आजवर चौदा जणांनी ऐकली. तेरा हसले आणि चौदावा ऐकता ऐकता झोपला. दहावीतल्या नातीने तर शेवटापर्यंत तोंड उघडायचंच नाही. ते रसायनाचं पुस्तक मिटायचं आणि आजीकडे बघायचं.

तर एका शाळेच्या प्रयोगशाळेत एक बाई कामाला होती. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्या पुसायच्या, ॲसिड मापून ठेवायचं, हे तिचं काम. मुलांनी तिचं नाव पाडलं होतं लिटमसबाई. रागावली की लाल, घाबरली की निळी. लाल ती रोजच व्हायची. निळी झालेली मात्र कुणी बघितली नव्हती.

त्या दिवशी बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरून परीक्षक आले. आल्या आल्या शाळेच्या सरांनी बाईला डोळ्याने खूण केली, चहा! बाईने मागच्या खोलीतला स्टोव्ह हलवून बघितला तर आत ठणठणाट. रॉकेलचा थेंब नाही.

रॉकेल शाळेत आणखी एकाच ठिकाणी असायचं, सोडियमच्या बाटलीत. हा धातू रॉकेलात बुडवूनच ठेवावा लागतो, कारण त्याचं आणि पाण्याचं हाडवैर. पाणी लागलं की तो नाचतो, पेटतो आणि तुकडा मोठा असला तर बाँबसारखा उडतो. बाईला हे सगळं मुलांपेक्षा पाठ. पण तिला एक खोड होती. अडीनडीला त्याच बाटलीतलं अर्धा कप रॉकेल स्टोव्हसाठी काढायचं आणि संध्याकाळी गुपचूप भरायचं. अकरा वर्षांत कुणाला वास लागला नव्हता.

त्या दिवशी घाईत तिने होतं नव्हतं ते सगळं ओतून घेतलं. बाटली सिंकच्या काठावर टेकवली, स्टोव्ह पेटवून चहा केला. परत येऊन बाटली उचलणार, तोच सर ओरडले, "अहो बाई, ब्युरेटी कुठायत? मुलं काय तोंड बघत बसणार का?"

बाई धावली. मग नुसती पळापळ. छत्तीस मुलं, छत्तीस ब्युरेटी. वरच्या त्या उभ्या नळीतून पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी थेंब थेंब सोडायचं, खाली फ्लास्कमध्ये लोहाच्या क्षाराचं ऑक्सिडीकरण व्हायचं, आणि रंग फिका गुलाबी होऊन टिकला की हात आवरायचा. सिंकजवळच्या चार नंबरच्या टेबलावर बाईची स्वतःची पोरगी होती. जीभ दाताखाली धरून थेंब मोजत होती.

फडकं काढायला बाईने ॲप्रनच्या खिशात हात घातला. बोटांना काहीतरी गार, गोल लागलं.

बूच.

तिने मान वळवली. बाटली तशीच, उघडी, सिंकच्या काठावर. तळाशी लिंबाएवढा सोडियमचा गोळा, कोरडा ठाक. अंगावर पांढरी बुरशी धरल्यासारखी झाली होती. आणि बरोब्बर वर तो नळ. त्या नळाचं लक्षण सगळ्या शाळेला माहीत होतं. उघडला की धार नंतर पडायची, आधी चहूकडे फवारा उडायचा.

सगळ्या शाळेला माहीत होतं, पण परीक्षक शाळेचे नव्हते. त्यांनी एक ब्युरेट वाकडी धरली होती आणि आता आपल्या जांभळ्या बोटांकडे बघून तोंड वाकडं करत होते.

"काय हो हे! धुतलं तर जाईल ना?" म्हणाले आणि सिंककडे निघाले.

बाईच्या तोंडचं पाणी पळालं. ओरडावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला, रॉकेल कुठं गेलं? त्याचं उत्तर दिलं की अकरा वर्षांची नोकरी गेली, आणि तीही पोरीदेखत, चोर म्हणून. न ओरडावं, तर चार नंबरचं टेबल सिंकपासून दोन हातांवर. परीक्षकांनी एक पाऊल टाकलं. बाईला वाटलं, थांबतील. दुसरं टाकलं. पोरीने मान वर केली, आईचा निळा पडलेला चेहरा बघितला आणि हळूच विचारलं, "आई, काय झालं गं?"

परीक्षकांचा हात नळावर पडला.

"हात लावू नका!" बाई किंचाळली. "मागं व्हा सगळे! बाटलीत सोडियम आहे, उघडं आहे! रॉकेल मी काढलंय, चहाला! मी!"

पण नळ फिरला होता. फवारा उडाला. बाईने झेप घेऊन बाटली उचलली, आत थेंब गेलाच, चर्र झालं, काच हाताला चटका द्यायला लागली. पोरगी दोन हातांवर. बाटली फेकायची कुठं? पायाशी मुलांनी ओतलेल्या टाकाऊ ॲसिडची बादली होती. बाईने विचार केला, सोडियमपासून होतो आम्लारी आणि आम्लारीला थंड करतं आम्ल. टाकला गोळा बादलीत!

आणि काय सांगावं! दूध पाजलेल्या तान्ह्या बाळासारखा तो गोळा शांत झाला. एक बुडबुडा नाही, ठिणगी नाही. दोघांनी गुण्यागोविंदाने मिळून मीठ केलं. शुभ्र, बादलीभर! परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "बाई, तुमच्यासारखी बाई नाही." रॉकेलचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. ते मीठ शाळेला तीन वर्षं पुरलं, आणि बाईच्या केसालाही धक्का...

"खोटं! साफ खोटं!" नात पुस्तक आपटून उभी राहिली. "ॲसिडात सोडियम पाण्यापेक्षा जास्त भडकतं, आजी! अख्खी बादली उडाली असती. आणि केसाला धक्का नाही, तर तुझी डावी भुवई कुठाय?"