पान एकशे तेरा

मी एक प्रबंध बोलतोय. नाक मुरडू नका. कादंबरी असतो तर तुम्ही कधीच मला उघडलं असतंत, हे मला ठाऊक आहे.

सध्या मी एका इस्पितळाच्या वॉर्डात, खाटेजवळच्या स्टुलावर पडलोय. एका बाजूला पाण्याची बाटली आहे, दुसऱ्या बाजूला घडी घातलेलं एक फडकं. खाटेवरच्या माणसाला श्वास घेताना होणारा आवाज मला इथून स्पष्ट ऐकू येतो. प्रबंधाचं काम वाचनालयात, मग मी इथे कसा? तेच सांगायचंय. मनावर ओझं आहे आणि ते कुणापुढे तरी उतरवायला हवं.

माझा जन्म एका भाड्याच्या खोलीत झाला. मला लिहिणारी मुलगी तेव्हा सत्तावीस वर्षांची विद्यार्थिनी होती. मी तिला आईच म्हणतो. त्या शहरात फरश्या घासून गुळगुळीत करण्याचा मोठा कारखाना होता. दगडाची पांढरी धूळ कामगारांच्या छातीत जायची. चाळिशीतच माणसं जिना चढताना मध्येच टेकायची. सगळे म्हणायचे, ‘तोंडाला फडकं बांधलं की काही होत नाही.’ मॅनेजर म्हणायचा, कामगार म्हणायचे, त्यांच्या बायकाही म्हणायच्या. आईनं एवढंच विचारलं, ‘हे कुणी बघितलंय का?’ कुणीच बघितलं नव्हतं. मग ती स्वतः बघायला निघाली.

दोन वर्षं ती एकशे बावीस कामगारांच्या घरी गेली. काही घरी चार-चारदा गेली, कारण पहिल्या खेपेला माणसं साहेबाला आवडेल तेच सांगतात. एका भल्या डॉक्टरांकडून तिनं प्रत्येकाच्या छातीचा फोटो काढून घेतला. वाचलेलं सगळं ती कार्डांवर टिपायची. कोपऱ्यात पुस्तकाचं नाव, पान, तारीख. दुसऱ्याचं वाक्य शाईनं, स्वतःचा विचार पेन्सिलीनं, म्हणजे पुढे गल्लत नको. एखाद्यानं लिहिलं, की अमुक तज्ज्ञ असं म्हणतो, तर त्या अमुक तज्ज्ञाचं मूळ पुस्तक हातात येईपर्यंत तिला चैन पडायचं नाही. खोलीतली मैत्रीण वैतागायची.

“अगं, एवढं खोलात कोण जातंय? तुझे सर तरी वाचणार आहेत का सगळं?”

“कुणीतरी वाचेल ना,” आई म्हणायची आणि पुढचं कार्ड ओढायची.

अशा माणसाच्या पोटी मी आलो. तरीही माझ्यात एक खोट राहिली. ती लपवणार नाही.

प्रबंध दाखल करायचा आदला दिवस होता. टंकलेखक काका सकाळपासून यंत्र बडवत होते. मधल्या एका पानाशी ते थांबले. “बाई, हा तक्ता एका पानात मावत नाहीये. शेवटची ओळ पुढच्या पानावर जातेय. वरचे मथळे तिथं परत मारू का?”

मथळे परत मारायचे म्हणजे पान पुन्हा लावायचं, दोन्ही कार्बन पुन्हा जुळवायचे. आईला तीन दिवस धड झोप नव्हती. ती म्हणाली, “राहू द्या काका. वाचणारा मागचं पान बघेलच की.”

आयुष्यभर प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणाऱ्या बाईनं या एका ठिकाणी दुसऱ्यावर भरवसा टाकला.

तो तक्ता तुम्हीही बघून घ्या, सोपा आहे. पान एकशे बारावर तीन मथळे : एकूण, बाधा झालेले, बाधा नसलेले. खाली फडकं न बांधणाऱ्यांची ओळ : अठ्ठावन्न, एकोणचाळीस, एकोणीस. पान एकशे तेरावर, मथळ्यांशिवाय, फडकं बांधणाऱ्यांची ओळ : चौसष्ट, एकेचाळीस, तेवीस. म्हणजे बांधा नाहीतर न बांधा, शंभरातल्या पासष्टेक जणांची छाती गेलेलीच. दगडाची बारीक धूळ फडक्यातून आरपार जाते. पान एकशे चौदाच्या पहिल्याच ओळीत आईनं हे स्वच्छ लिहिलंय : ‘कापडी फडक्याचा कोणताही उपयोग दिसून आला नाही. धूळ ओढून घेणारी यंत्रं बसवणं हाच उपाय आहे.’

माझ्या तीन प्रती झाल्या. मी तिसरी, सगळ्यात फिकट. आईला पदवी मिळाली, ती दूर कुठेतरी नोकरीला गेली आणि मी वाचनालयाच्या सतरा नंबरच्या कपाटात जाऊन बसलो. शेवटच्या पानावर तारखांचा कागद चिकटवला गेला. मला वाटलं, आता यावर शिक्क्यांची रांग लागेल.

चौथ्या वर्षी एक जण आला. त्याचं नाव कशाला सांगू, मी त्याला घाईवाला म्हणतो. त्याचा लेख छापायला जायचा होता आणि फडकं उपयोगी असतं हे त्यानं आधीच लिहून टाकलं होतं. आता फक्त आधाराला एक आकडा हवा होता. त्यानं मला दोन दिवसांसाठी नेलं आणि एकशे बारा, एकशे तेरा ही दोनच पानं झेरॉक्स केली. पहिली ओळ नीट उतरवली : अठ्ठावन्नात एकोणचाळीस आजारी. पुढच्या पानावर मथळे दिसले नाहीत. तीन आकड्यांतला तेवीस त्याला सोयीचा वाटला. ‘फडकं बांधणाऱ्या चौसष्टांत फक्त तेवीस आजारी,’ असं त्यानं लिहिलं. मागचं पान परत बघितलं नाही, पुढचं उलटलंही नाही. मी त्याच्या टेबलावर पडून बघत होतो. मला हात असते तर त्याची बोटं धरली असती.

तो लेख छापून आला. मग दुसऱ्यानं तो वाचला आणि आपल्या लेखात तोच आकडा घातला. नुसतं घाईवाल्याचं नाव दिलं तर बरं दिसत नाही, म्हणून थेट माझं नाव दिलं : मूळ प्रबंध, पान एकशे तेरा. तिसऱ्यानं दुसऱ्यावरून घेतलं, चौथ्यानं तिसऱ्यावरून. नियतकालिकं समोरच्याच कपाटात येऊन बसायची आणि प्रत्येकाच्या शेवटी माझं नाव झळकायचं. सदतीस लेखांत मी आहे. माझ्या तारखांच्या कागदावर शिक्का मात्र एकच, घाईवाल्याचा. लग्नपत्रिकेत नाव छापायचं आणि माणसाला बोलावायचंच नाही, असला तो प्रकार.

सुरुवातीला मी चिडायचो. मग सवय झाली. मग माझ्यावर धूळ बसली. पुढे त्या धुळीचंही काही वाटेनासं झालं.

तीन वर्षांपूर्वी ती मुलगी यायला लागली. सतरा नंबरच्या कपाटाखालचं टेबल तिचं ठरलेलं. वडील त्याच कारखान्यात फरशी घासायला होते. तिनं निबंधाला विषयही तोच घेतला होता, घरचं दुःख म्हणून. मन लावून काम करायची. पण तिच्या सरांनी सांगितलं होतं, संदर्भ किमान तीस हवेत, आणि सोमवारी निबंध हातात हवा. तिच्याकडे एकोणीस होते. मग तिनं दुसऱ्यांच्या लेखांच्या शेवटची पानं उघडली आणि तिथली नावं भराभर उतरवून घेतली. त्यात माझंही.

ग्रंथपाल बाईंनी तिच्या खांद्यावरून बघितलं. “अगं, हा प्रबंध आपल्याकडेच आहे. तुझ्या डोक्यावरच्या कपाटात. देऊ का काढून?”

“नको बाई, पान नंबर मिळालाय मला.”

तिचा हात माझ्यापासून दीड हातावर होता.

त्याच आठवड्यात, सुटीच्या दिवशी, तिचे वडील वाचनालयात आले. दारातच चपला काढून उभे राहिले. बाई म्हणाल्या, “आत या की, चपला चालतात.” ते कसनुसं हसले, तरी अनवाणीच आले. खुर्चीच्या कडेवर टेकले. आधी थोडा खोकला काढून घेतला, मग हळू आवाजात म्हणाले, “तुझ्या मामानं गोदामावर राखणदाराची जागा बघितलीय. पगार निम्मा आहे. पण धूळ नाही. काय करू? तू शिकलेली आहेस, तू सांग.”

मुलीनं पेन खाली ठेवलं. तिची शिक्षणाची अजून दोन वर्षं व्हायची होती, धाकटा भाऊ शाळेत होता. हे तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि त्यांच्याही.

“बाबा, तुम्ही फडकं बांधता ना रोज?”

“बांधतो की. गुदमरायला होतं, पण बांधतो.”

“मग घाबरू नका. हे बघा, मी आत्ताच लिहिलंय. फडकं बांधणाऱ्या चौसष्टांत तेवीसच जण आजारी पडले. न बांधणाऱ्यांत एकोणचाळीस. दुहेरी बांधा फार तर. दोन वर्षं निघतील.”

“पुस्तकात आहे असं?”

“हो. मोठा प्रबंध आहे.”

“मग झालं,” ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. “पुस्तकात आहे म्हणजे कुणीतरी बघितलंच असणार.”

मी वरच्या फळीवरून हे ऐकलं. माझ्या पोटात खरं उत्तर होतं आणि मला ते बोलता येत नव्हतं. तुमच्यावर अशी वेळ कधी येऊ नये.

पुढची दोन वर्षं ती दिसली नाही. तिला उत्तम गुण मिळाले असं बाईंच्या बोलण्यातून कळलं. इकडे वाचनालयात जागा कमी पडू लागली. नियम निघाला, ज्या पुस्तकावर दहा वर्षांत शिक्का नाही ते बाद. मला कपाटातून काढलं, सुतळीनं दहा-बारा जुन्या सोबत्यांबरोबर बांधलं आणि जिन्याखाली ठेवलं. शनिवारी रद्दीवाला येणार होता.

गुरुवारी ती आली. ओळखूच आली नाही, इतकी वाळली होती. बाईंना म्हणाली, “तो फरशी कामगारांवरचा प्रबंध बघायचाय. मूळ.”

“आज कसा आठवला गं?”

“बाबांना इस्पितळात ठेवलंय. डॉक्टर म्हणाले, छातीच्या दोन्ही बाजू दगडासारख्या झाल्यात. मी म्हटलं, ते रोज फडकं बांधायचे, दुहेरी. तर डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, फडक्यानं ही धूळ अडते असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

बाईंनी जिन्याखाली जाऊन सुतळी कापली. मला फडक्यानं पुसलं आणि टेबलावर ठेवलं. मुलीनं थेट एकशे तेरा उघडलं. तीन आकडे बघितले. मग एक पान मागे गेली. मथळ्यांवर बोट ठेवलं, ते बोट तसंच खाली आणलं, पुढच्या पानावर नेलं. एकेचाळीसवर थांबली. पुन्हा मागे गेली, पुन्हा पुढे आली. मग एकशे चौदा उलटलं.

ती रडली नाही. फक्त म्हणाली, “बाई, तुम्ही तेव्हा काढून देत होता.”

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. एकोणतीस वर्षांनी माझ्यावर दुसरा शिक्का पडला. मी रद्दीतून वाचलो. कशामुळे वाचलो ते आठवलं की वाचल्याची लाज वाटते.

त्या दिवसापासून मी इथे आहे. पहिले चार दिवस ती मला उघडायची, वडिलांकडे बघायची आणि मिटायची. फडकं त्यांनी उशाशी धुऊन ठेवायला लावलंय. बरा झालो की बांधून कामावर जाईन, असं ते परिचारिकेला रोज सांगतात.

काल दुपारी तेच म्हणाले, “काय गं, रोज आणतेस ते पुस्तक. तेच ना ते? वाच की थोडं.”

तिनं मला त्यांच्या छातीजवळ टेकवलं आणि तक्ता दाखवला. त्यांना अक्षरं लागायला वेळ लागतो, आकडे पटकन लागतात. जाड, भेगाळलेलं बोट ओळीवरून सरकत गेलं.

“हे चौसष्ट. हे एकेचाळीस. ... आणि तेवीस?”

“तेवीस म्हणजे ज्यांना काही झालं नाही ते, बाबा. आजारी पडले ते एकेचाळीस.”

त्यांनी स्वतःच पान मागे उलटलं आणि मथळ्यांवर बोट ठेवलं.

“म्हणजे वर काय लिहिलंय ते बघायचं राहिलं होय?”

“राहिलं. मी पुस्तक उघडलंच नव्हतं, बाबा. मी खोटं बोलले.”

त्यांनी तिचा हात शोधला. “तू काय मुद्दाम केलंस? रडू नको. पण आमच्या खात्यात अजून चाळीस जण आहेत. ते बांधतायत. भिंतीवर पाटी लावलीय ना मॅनेजरनं, तुझ्या त्या तेवीसची. आधी त्यांना जाऊन सांग.”

आज सकाळी ती तेच करायला गेलीय. माझी एकशे बारा, तेरा आणि चौदा अशी तिन्ही पानं झेरॉक्स करून नेलीत. पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं लिहिलंय : ‘माझ्या निबंधातला आकडा चुकीचा आहे.’ खाली सही केलीय. कारखान्याच्या दारात तिला कुणी उभं करेल की नाही, मला माहीत नाही. सदतीस लेख एका बाजूला आहेत आणि ती एकटी.

खाटेवरचा आवाज सकाळपासून बारीक झालाय. परिचारिका दोनदा येऊन बघून गेली, तिसऱ्यांदा डॉक्टरांना घेऊन आली. मुलगी अजून परतलेली नाही. माझी मुदत उद्या संपते. बाईंनी निरोप पाठवलाय, ‘राहू दे गं, वाढवून देते. दुसरं कोण मागायला येतंय?’

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुम्हीही कधीतरी निबंध लिहायला बसाल. सरांना तीस नावं हवी असतील, सोमवार जवळ आलेला असेल आणि माझं नाव कुणाच्या तरी यादीत आयतं सापडेल. ते उतरवण्याआधी उठा, कपाटापर्यंत या आणि मला खाली काढा. एकशे तेरा उघडलंत तर आधी एक पान मागे जा. मग एक पान पुढे या. एवढ्याला दोन मिनिटं लागतात, मी मोजलीत. त्या मुलीला त्या गुरुवारी तेवढीच लागली.